प्रत्येक घटकाला विचारा, ‘तू कोणाचा?’

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखकाच्या पत्नीला आठ महिन्यांपूर्वी सस्तन प्राण्यांच्या मांसाची अ‍ॅलर्जी असल्याचे रक्ततपासणीतून निश्चित झाले. गोचीड चावल्यानंतर उद्भवणारा, ‘अल्फा-गॅल’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार आहे. मासे, कोंबडी आणि अंडी तिला चालतात. दूध, दही आणि चीज ती पूर्वीसारखेच खाते आणि त्याचा त्रास झालेला नाही. दोघेही कामावरून उशिरा परततात, त्यामुळे आठवड्यातल्या तीन-चार रात्री तयार जेवणाची पाकिटे गरम केली जातात. खरेदी पत्रलेखक करतात आणि पाकिटावरची अ‍ॅलर्जीची सूचना न चुकता वाचतात. तरीही दोनदा त्रास झाला. पहिल्यांदा रात्री आठला कोंबडीचे सॉसेज असलेले जेवण झाले आणि साडेबाराला पत्नीच्या अंगभर गांधी उठल्या, पोटात कळा आल्या. दुसऱ्यांदा साडेआठला भाज्यांचे सूप प्याल्यावर वीस मिनिटांत ओठ सुजले आणि उलट्या सुरू झाल्या. त्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर तिने फक्त पाच वाजता, कार्यालयातल्या एका वाढदिवसाला, जेलीच्या चार-पाच गोळ्या खाल्ल्या होत्या. सूपच्या घटकांत मांस कुठेच नव्हते, ‘नैसर्गिक स्वाद’ एवढा एकच शब्द संशयास्पद होता, म्हणून त्या कंपनीची सगळी सूप त्यांनी बंद केली. आता पत्नी म्हणते की तयार जेवण घरात नकोच. पत्रलेखक विचारतात: ‘वर्ज्य घटकांची संपूर्ण यादी मिळेल का? ती खिशात ठेवीन, म्हणजे पुन्हा चूक होणार नाही. की तिचेच बरोबर आहे?’

तुमचे पत्र मी दुसऱ्यांदा वाचले तेव्हा हातात पेन्सिल घेतली, कारण तुम्ही घड्याळातल्या वेळा नोंदवल्या आहेत, आणि या अ‍ॅलर्जीत घटकांच्या यादीइतकीच माहिती घड्याळ देते. त्या वेळांकडे मी येतोच. त्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी खरेदीच्या प्रश्नात मागे पडता कामा नये. ओठ सुजणे आणि त्याच वेळी उलट्या होणे, अशी शरीराच्या निरनिराळ्या भागांतली लक्षणे एकत्र दिसतात, तेव्हा ती अ‍ॅनाफिलॅक्सिसची, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या तीव्र प्रतिक्रियेची असू शकतात. तुमच्या पत्रात अ‍ॅड्रेनलिनच्या इंजेक्शनचा उल्लेख नाही. स्वतः टोचून घेता येणारे ते इंजेक्शन तुमच्या पत्नीजवळ असावे का, ते केव्हा आणि कसे वापरायचे, आणि वापरल्यावर लगेच रुग्णालय कसे गाठायचे, हे अ‍ॅलर्जीतज्ज्ञांना याच आठवड्यात विचारा. मी डॉक्टर नाही, आणि पुढे जे लिहितो आहे ते त्यांच्या सल्ल्याच्या जागी वापरायचे नाही.

आता घड्याळ. अल्फा-गॅल ही एक शर्करा आहे. ती बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात असते, पण माणूस, वानर आणि आफ्रिका-आशियातली माकडे यांच्यात नसते, आणि पक्षी व मासे यांच्यातही नसते. गोचिडीच्या चाव्यातून शरीराची या शर्करेशी ओळख झाली आणि तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार झाली की पुढे गाय, डुक्कर, मेंढी अशा कोणत्याही सस्तन प्राण्याचे मांस शरीर शत्रू समजू लागते. शेंगदाणे किंवा कोळंबी यांची अ‍ॅलर्जी बहुधा काही मिनिटांत उसळते, तर ही साधारणपणे दोन ते सहा तासांनी जागी होते. ही शर्करा चरबीच्या कणांबरोबर रक्तात हळूहळू पोहोचत असावी, हे त्यामागचे सर्वाधिक पटणारे स्पष्टीकरण मानले जाते. चरबीयुक्त मांसाने अनेकांना जास्त त्रास होतो, हेही त्याला धरूनच आहे.

हा हिशेब तुमच्या दोन प्रसंगांना लावून पाहा. सॉसेज आठला आणि गांधी साडेबाराला, म्हणजे साडेचार तास, हे अगदी जुळते. सूप साडेआठला आणि ओठांची सूज पावणेनऊनंतर, हे मात्र जुळत नाही. पाच वाजता खाल्लेल्या जेलीच्या गोळ्या आणि ती सूज यांच्यामध्ये पावणेचार तासांहून थोडे अधिक अंतर आहे, आणि अशा गोळ्यांना मऊ चिवटपणा देणारे जिलेटिन बहुतेक वेळा डुकराच्या कातडीपासून किंवा गुरांच्या हाडांपासून आणि कातडीपासून काढलेले असते. जिलेटिनचा त्रास या अ‍ॅलर्जीच्या प्रत्येक रुग्णाला होतो असे नाही, पण काहींना नक्की होतो. दुसरीही एक शक्यता आहे. वीस मिनिटांत उठलेली प्रतिक्रिया सर्वस्वी वेगळ्या घटकाची, उदाहरणार्थ सूपमधल्या सेलरीची किंवा मोहरीची, असू शकते आणि तिचा अल्फा-गॅलशी काहीही संबंध नसेल. यांपैकी काय खरे हे तुम्ही किंवा मी ठरवू शकत नाही. शेवटचा घास तोच गुन्हेगार, असे धरून तुम्ही सूपला शिक्षा केलीत आणि गोळ्यांची साधी चौकशीही केली नाहीत, एवढेच मला दाखवायचे आहे. पत्रातल्या ज्या गोष्टीकडे तुम्ही स्वतः जाता जाता पाहिलेत, तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

दुसरे गृहीतक पाकिटावरच्या त्या ठळक सूचनेचे. ती तुमच्यासाठी लिहिलेलीच नसते. अमेरिकेत कायद्याने ९ प्रमुख अ‍ॅलर्जीकारक पदार्थ जाहीर करावे लागतात, युरोपीय संघात १४, आणि या दोन्ही याद्यांत दूध, अंडी, मासे, तीळ आहेत, पण सस्तन प्राण्यांचे मांस कोणत्याच यादीत नाही. म्हणजे ज्या पाकिटावर ‘यात कोणताही अ‍ॅलर्जीकारक पदार्थ नाही’ असे छापले आहे, त्यात कायदा न मोडता डुकराची चरबी असू शकते. ‘अंश असू शकतात’ हा इशाराही त्याच याद्यांपुरता दिला जातो. आठ महिने तुम्ही प्रामाणिकपणे वाचत होतात, फक्त चुकीच्या चौकटीत वाचत होतात. तुमची चौकट म्हणजे घटकांची पूर्ण यादी, तीही पहिल्या शब्दापासून शेवटच्या कंसापर्यंत.

हा आजारच मुळात उशिरा ओळखला गेला, हे इथे लक्षात घ्यावे. सिडनीतल्या डॉक्टर शेरिल व्हॅन न्यूनेन यांनी गोचिडीचा चावा आणि मांसाची अ‍ॅलर्जी यांतला संबंध २००७ मध्ये मांडला. अमेरिकेत सेटुक्सिमॅब हे कर्करोगावरचे, अल्फा-गॅल असलेले औषध पहिल्यांदाच टोचताना काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया का येते याचा शोध घेता घेता, थॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्या सहकाऱ्यांना २००८ मध्ये असे आढळले की त्यांतल्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात अल्फा-गॅलविरोधी प्रतिपिंडे आधीपासूनच होती. २०२३ मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्रांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४२ टक्के आरोग्यव्यावसायिकांनी या आजाराचे नावही ऐकलेले नव्हते. डॉक्टरांची ही स्थिती, तर अन्नकंपनीच्या ग्राहकसेवेत फोन उचलणाऱ्या मुलाला ते माहीत असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आता तुम्ही मागितलेली यादी. तिची अडचण अशी, की पाकिटावरचे बरेचसे शब्द पदार्थाचे काम सांगतात, त्याचे मूळ सांगत नाहीत. पायसीकारक (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा), घट्टपणा आणणारा, चकाकी देणारा, स्वाद, आवरण ही सगळी कामे वनस्पतीपासून बनलेला पदार्थ करतो आणि प्राण्यापासून बनलेलाही करतो. म्हणून शब्द पाठ करण्यापेक्षा एक प्रश्न पाठ करा आणि प्रत्येक घटकापाशी थांबून तो विचारा: ‘हे कोणाचे?’ ‘तांदूळ’ या शब्दाला उत्तर तिथेच आहे. ‘कोंबडीचा स्टॉक’, म्हणजे हाडे-मांस उकळून काढलेला रस, यालाही आहे. नुसते ‘स्टॉक’, ‘मांसाचा अर्क’ किंवा ‘प्राणिज चरबी’ लिहिले असेल तर उत्तर नाही, आणि उत्तर नसलेले पाकीट फळीवर परत ठेवायचे.

सॉसेजच्या प्रसंगात हेच घडले असावे. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘कोंबडीचे’ लिहिले होते आणि आतले मांस खरोखरच कोंबडीचे असणार, पण ज्या पातळ आवरणात ते भरतात ते ‘नैसर्गिक’ असेल तर बहुधा डुकराच्या किंवा मेंढीच्या आतड्याचे असते. ‘कोलॅजेनचे आवरण’ असेल तर ते बहुधा गुरांच्या कातडीपासून केलेले असते. सेल्युलोजचे किंवा अल्जिनेटचे आवरण वनस्पतींपासून आणि समुद्री शेवाळापासून बनते, त्याची ही अडचण नाही. ते पाकीट किंवा त्याचे छायाचित्र अजून जवळ असेल तर आवरणाचा शब्द शोधा. कोंबडीच्या किंवा टर्कीच्या कबाबसारख्या, गोळ्यांसारख्या दळलेल्या पदार्थांत ओलसरपणासाठी दुसऱ्या प्राण्याची चरबी घातलेली आढळते, त्यामुळे पुढच्या बाजूचे मोठे नाव हा फक्त सुरुवातीचा अंदाज समजावा.

तयार जेवणात सर्वांत जास्त फसवतात ते पदार्थ मांसाचे नसतात. भाज्यांच्या किंवा कडधान्यांच्या सूपला खोली यावी म्हणून गुरांच्या हाडांचा स्टॉक घालतात, भाताला तोच लावतात. दाट रश्शाची किंवा सॉसची वेगळी पुडी जेवणासोबत असेल तर तिचे घटक मुख्य यादीत एका कंसात, बारीक अक्षरांत दडलेले असतात. पिठाच्या आवरणात, तळलेल्या बटाट्यांत आणि खुसखुशीत थरांत लार्ड, टॅलो किंवा सुएट असते, म्हणजे अनुक्रमे डुकराची चरबी, गुरांची वितळवलेली चरबी आणि मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी. ‘शॉर्टनिंग’, म्हणजे खुसखुशीतपणासाठीचा घट्ट स्निग्ध पदार्थ, या शब्दापुढे ‘वनस्पतीजन्य’ नसेल तर तो प्रश्नच समजावा. जेवणासोबत येणाऱ्या छोट्या गोड पदार्थात जिलेटिन असते. शिजवण्याने यातले काहीही निरुपद्रवी होत नाही, कारण ही शर्करा उष्णतेने मोडत नाही. पाकीट दहा मिनिटे जास्त गरम केले म्हणून धोका कमी झाला, असे कधीही समजू नका.

‘नैसर्गिक स्वाद’ या शब्दावर तुम्ही बोट ठेवलेत ते वाजवी आहे. अमेरिकेच्या नियमांत या शब्दाच्या व्याख्येत फळे, मसाले, यीस्ट यांच्यासोबत मांसही मोडते. पण हा शब्द इतक्या पाकिटांवर असतो की केवळ त्याच्या भीतीने खरेदी केली तर टोपली रिकामी राहील. इथे विचारणे हाच मार्ग आहे, आणि कसे विचारता यावर उत्तराची किंमत ठरते. ‘हे अल्फा-गॅलसाठी सुरक्षित आहे का?’ असे विचारलेत तर उत्तर मिळेल की अ‍ॅलर्जीची माहिती पाकिटावर दिलेली आहे. त्याऐवजी लेखी विचारा, उत्पादनाचे नाव आणि पाकिटावरचा संकेतांक द्या, आणि प्रश्न असा ठेवा: ‘या उत्पादनातला कोणताही घटक, स्वाद, पायसीकारक, आवरण किंवा प्रक्रियेतला सहाय्यक पदार्थ गाय, म्हैस, डुक्कर, मेंढी, शेळी यांसारख्या सस्तन प्राण्यापासून मिळवलेला आहे का? दूध सोडून.’ शेवटचे दोन शब्द तुमच्या पत्नीपुरते आहेत. ज्या वाचकांना दूधही चालत नाही त्यांनी ते अर्थातच गाळावेत. उत्तर ‘नाही’ असे स्पष्ट आले तर जपून ठेवा, आणि ‘आमचे पुरवठादार बदलू शकतात’ असे आले तर तेही खरेच सांगितले आहे असे समजून ते उत्पादन सोडून द्या.

तयार यादी मला नको वाटते याचे आणखी एक कारण आहे. अशा याद्या सर्वाधिक संवेदनशील रुग्णाला डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात. त्यांत लॅक्टोज, व्हे, केसीन असतात, म्हणजे दुधातून येणारे सगळे. त्यांत मोनो- आणि डायग्लिसराइड, म्हणजे युरोपीय क्रमांकानुसार ई ४७१, असते, ग्लिसरिन असते, स्टिअरिक आम्ल आणि स्टिअरेट असतात. ही द्रव्ये वनस्पतींच्या तेलापासूनही बनतात आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही, आणि शुद्धीकरणानंतर त्यांत अल्फा-गॅल राहिलेच तर फारच थोडे राहते. बहुतेक रुग्णांना त्यांचा त्रास होत नाही, काही थोड्यांना होतो. तुमच्या पत्नीला दूध आणि चीज चालते. अल्फा-गॅल दुधातही थोडे असते, त्यामुळे तिची सहनशक्ती कमालीची कमी नसावी असा अंदाज बांधायला जागा आहे, पण तो अंदाज पडताळायचे काम तज्ज्ञांचे. त्यांच्याबरोबर बसून तीन रकाने करा: कधीच नको, विचारून घ्यावे, चालेल. ती यादी तुमच्या घरची असेल आणि बहुधा तुम्ही कल्पना करता त्यापेक्षा आखूड असेल. दुधाबाबत एकच सावधगिरी: पातळ दूध आणि भरपूर साय, लोणी व चीज यांनी थबथबलेले तयार जेवण यांत फरक आहे, आणि काही रुग्णांना पहिले पचते पण दुसरे नाही.

शाकाहारी किंवा वीगन असे चिन्ह असलेली पाकिटे हा तुमचा सर्वांत सोपा आधार आहे, आणि दमलेल्या रात्रींसाठी मी तो निःसंकोच सुचवतो. तरी मागची बाजू वाचायचीच, कारण समुद्री शेवाळापासून काढलेले कॅराजीनन पूर्णपणे वीगन असूनही त्याच्या रचनेत अल्फा-गॅलशी साम्य असलेला भाग असतो आणि काही रुग्णांना त्याचा त्रास होतो. तुमच्या पत्नीला तो होतो का, हे तीन रकान्यांच्या चर्चेत विचारायचे. हलाल चिन्हाचा या प्रश्नाशी संबंध नाही. तुमच्यापुरता त्याचा अर्थ डुक्कर नाही एवढाच, गाय किंवा मेंढी असू शकते.

रोजच्या खरेदीसाठी मी असे करीन. चाळीस पाकिटे तपासत बसण्याऐवजी दहा-बारा जेवणे निवडीन, त्यांची एकदा कसून चौकशी करीन, यादीचे छायाचित्र फोनमध्ये ठेवीन आणि पुढे प्रत्येक खरेदीला नवे पाकीट त्या छायाचित्राशी ताडून पाहीन. याला अर्धे मिनिट लागते. कृती गाजावाजा न करता बदलते, आणि त्याच नावाच्या लहान व मोठ्या पाकिटात घटक वेगळे असल्याचेही आढळते. ‘नवी, अधिक चविष्ट कृती’ असे छापलेले दिसले की ते पाकीट अनोळखी समजावे. दुकानाच्या काउंटरवर गरम मिळणारे तयार जेवण मात्र मी सोडून देईन: तिथे तळणीचे तेल, कापायचे यंत्र, पळी सगळे सामायिक असते आणि विचारल्यावर मिळणारे उत्तर बहुधा अंदाजाचे असते.

सोबत एक छोटी वही ठेवा, आणि तीत फक्त जेवण नव्हे तर दिवसभरात तोंडात गेलेले सगळे वेळेसह लिहा. गोळ्या-चॉकलेटे, औषधाच्या कॅप्सूल (त्यांचे आवरण बहुधा जिलेटिनचेच असते), मद्य, त्या दिवशी झालेला जोराचा व्यायाम आणि घेतलेली वेदनाशामके, हे सर्व नोंदवा, कारण मद्य, व्यायाम आणि काही वेदनाशामके यांच्या जोडीने एरवी सहन झालेले प्रमाणही उसळू शकते. एकदा खाल्ले आणि काही झाले नाही म्हणून तो पदार्थ निर्धोक ठरत नाही, याचे हेच कारण. जवळची औषधे मात्र स्वतःहून बंद करू नका, औषधविक्रेत्याला आणि डॉक्टरांना विचारा. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वीही ही अ‍ॅलर्जी सांगायची, कारण हेपॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध डुकराच्या आतड्यापासून बनते. आणि गोचिडीपासून जपायचे, कारण नवा चावा प्रतिपिंडे पुन्हा वाढवू शकतो. चावे टळले तर काहींची अ‍ॅलर्जी वर्षांगणिक सौम्य होत जाते.

तयार जेवण पूर्ण बंद करावे का? दोघांनाही रोज स्वयंपाक करायला वेळ आणि हौस असती तर मी हो म्हटले असते. पण थकलेला माणूस घरीही स्टॉकची वडी आणि बाटलीतले सॉस वापरतो, आणि तिथेही तेच वाचन करावे लागते. मला पत्नीचे म्हणणे वेगळ्या रीतीने ऐकू येते. आठ महिने वाचनाचे काम तुम्ही एकट्याने केलेत आणि प्रत्येक घासाचा धोका तिने पत्करला. तपासणीची छायाचित्रे, कंपन्यांची उत्तरे आणि ती वही तिच्या हातात द्या, दहा-बारा जेवणे तिला निवडू द्या, आणि एखादे पाकीट तिने कारण न देता नाकारले तर वाद घालू नका. तुमच्या चुकीचा उल्लेख तुम्ही पत्रात तीनदा केला आहे. सॉसेजच्या वेळी तुम्हाला आवरणाबद्दल कोणी सांगितले नव्हते, आणि जेलीच्या गोळ्या तर तुम्ही विकतही घेतल्या नव्हत्या.

राहता राहिले ते सूप. त्या कंपनीला वरचा प्रश्न लेखी पाठवा, सूपच्या पाकिटाचे छायाचित्र आणि दोन्ही प्रसंगांच्या वेळा अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे घेऊन जा, जेलीच्या गोळ्यांचे घटक कार्यालयातल्या त्या सहकाऱ्याकडून मिळवता आले तर तेही न्या, आणि वीस मिनिटांतल्या प्रतिक्रियेसाठी वेगळी तपासणी हवी का ते विचारा. घरी चव घेऊन पाहण्याचा प्रयोग करू नका. तोपर्यंत उरलेली पाकिटे फेकू नका, त्यांवर तारीख लिहून वेगळ्या कप्प्यात ठेवा, कारण तज्ज्ञ मागतील ती यादी त्यांच्याच मागच्या बाजूला आहे.